पडून बघायचं छत

२८ डिसें., रवि.
वारा नाही. उपासना झाल्यावर चर्चच्या आवारातला नाताळचा मांडव उतरवला. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभाकर, यंदा झालर सुंदर होती." दरवर्षी हेच म्हणतात, आणि दाराच्या झालरीकडं बघून म्हणतात. वरच्या छताला मी दोन दिवस घालून चुण्या पाडल्या होत्या. तिकडं मान वर करून कुणी बघेल तर शपथ.

आमच्या पोरीचं, रूथीचं नवीन खूळ. पुण्याला चित्रकला शिकून आली, वाटलं कुठल्यातरी शाळेत लागेल. तर नाही. बरोबरच्या पोरापोरींची कामं घेऊन गावोगाव प्रदर्शन लावणार. सकाळी उभं करायचं, संध्याकाळी गुंडाळायचं. टेम्पो माझा, पाईप माझे, कनाती माझ्या. माझ्याबरोबर पाईप उचलून म्हातारा झालेला बबनसुद्धा तिच्या बाजूला गेलाय. घरात मी एकटा पडलोय.

३० डिसें., मंगळ.
वारा थोडा. पहिलं प्रदर्शन आमच्या बेलापूरजवळच्याच एका वस्तीवर. तिथं काल माझंच लग्नाचं काम होतं. मालकाला म्हटलं, मांडव आणखी एक दिवस राहू द्या. तो म्हणाला, राहू द्या की.

अकरा वाजता एक आजोबा टॉवेल, टोपी, नारळ घेऊन हजर. "नवरदेव कुठं हाय?" लग्न काल झालं म्हटल्यावर मुलाला तिथंच फोन लावून शिव्या घातल्या. रूथीनं बोलावलं, "आजोबा, आलात तर चित्रं बघून जा." सगळं बघितलं. पाथर्डीकडच्या एका पोरानं ऊसतोडीचे कोयते दोऱ्यांनी गोलात टांगलेत, हालले की एकमेकांवर वाजतात. आजोबांनी एकाच्या धारेवर अंगठा फिरवला. "बोथट हाय." पोरगं म्हणालं, "मुद्दाम बोथट केलेत, आजोबा. माझ्या आईचे आहेत." मग म्हातारा बराच वेळ ते वाजणं ऐकत उभा राहिला. जाताना टॉवेल-टोपी माझ्या हातात दिली, परत कुठं न्यायची म्हणाला. टोपी दिवसभर घातली. घरी ही म्हणते, काढूच नका, टक्कल झाकतंय.

सं. बायका आल्या. रूथी त्यांना एकेक चित्र दाखवत होती, आणि बायका तिलाच दहा गोष्टी सांगत होत्या. मी मागं कनातीची सुतळी बांधायचं निमित्त करून ऐकत होतो. सुतळी आधीच बांधलेली होती. पोरगी चांगलं बोलते. तिला सांगितलं नाही.

४ जाने., रवि.
वारा नाही. जेवताना रूथी म्हणाली, "पप्पा, तुमच्या हातचं एक काम द्या ना प्रदर्शनात."
मी म्हटलं, मी मांडववाला आहे.
"म्हणून तर मागते."
रागच आला. चेष्टा करते का काय. ताटावरून उठलो. मग दु. गोडाऊनमध्ये जाऊन पत्र्याची पेटी उघडून बसलो. मोठं काम झालं की त्यातला एक तुकडा मी पेटीत टाकत आलोय. का, ते मलाही सांगता येणार नाही. ही तिला भंगार पेटी म्हणते. वर काढला तो माझ्या धंद्यातला पहिला तुकडा, लालभडक सॅटिन, आता विटकरी झालंय. त्याच्याखाली वादळात फाटलेल्या मांडवाचा हिरवा. त्याच्याखाली

९ जाने., शुक्र.
वारा मोजला नाही. पाच दिवस दुसरं काही सुचलं नाही. पेटीतल्या तुकड्यांचं छत झालं. मध्ये एक पांढरा गोल, तिथून चारी बाजूंना चुण्या सुटतात, एकेका रंगाची एकेक. शिलाई हिच्या मशीनवर, चुण्या माझ्या हातच्या. ही रोज कुरकुर करायची, माझी मशीन अडवली. काल मीच दमून उठलो तर हिनंच बसून कड मारून ठेवली.

रूथी कामाशेजारी लावायची चिठ्ठी लिहायला बसली. कामाचं नाव काय?
"छत."
"काहीतरी छान द्या ना."
"छताला छत नाही तर काय म्हणू."
कशापासून केलं?
"कापड."
"कुठलं, पप्पा?"
"मांडवाचं." त्याच्यापुढं बोललो नाही. प्रत्येक तुकड्याचं पुराण सांगत बसलो तर छत बाजूला राहील. नाव मात्र नीट लिहून घेतलं, प्रभाकर मांडववाले. ती आडनाव लावणार होती. म्हटलं, तालुक्यात आडनावानं मला कोण ओळखतं?

१० जाने., शनि.
वारा बरा. आज पारनेरकडं, राळेगणच्या अलीकडच्या एका गावात, दूध डेअरीच्या आवारात. जागा बबननं सुचवली. माणूस दूध घालायला येतोच, रांगेत उभा राहतोच, रिकाम्या डोळ्यांना काहीतरी पाहिजेच. डोकं आहे गड्याला. कॅन खाली ठेवून लोक चित्रं बघत होते. एक बाई एका चित्रापुढं इतकी रमली की मागचे दोघं तिला टाकून पुढं गेले. तिला पत्ताच नाही.

छताकडं कुणीही बघितलं नाही.

एकानंही नाही. खालून सगळं गाव गेलं. शाळेचे एक मास्तर चिठ्ठ्या वाचत आले. "अकरा झाली, बारा नंबर कुठाय?" रूथीनं वर बोट केलं. त्यांनी क्षणभर वर बघितलं. "हां हां. मांडव छान दिलाय." आणि चहाकडं गेले.

दु. बघतो तर बबन दारात उभा राहून लोकांना सांगतोय, "वर बघा, वर बघा, आमच्या भाऊंनी केलंय." झापला त्याला. भीक मागतो का म्हटलं. वर बघा अशी पाटी लावू का, असं रूथीनंही विचारलं. नको. सांगून बघितलं तर ते काय बघणं झालं?

परत आलो. मला वाईट वाटलं. ते इथं लिहितो, कारण घरात म्हणालो की काही नाही, कंबर धरली आहे.

१२ जाने., सोम.
आयुष्यभर सगळी छतं मीच लावली आणि माझ्याशिवाय ती कुणी बघितली नाहीत. लग्नात लोक नवरी बघतात, जेवण बघतात, जावई कसा आहे ते बघतात. बरोबरच आहे. छत पडलं तरच वर बघतील. माझं एकही पडलेलं नाही.

रूथीला म्हटलं, शनिवारी पाथर्डीला माझं छत नको, साधं पांढरं लावू. ती म्हणाली, "बारा नंबर नसेल तर बाकीचे अकरा पण टेम्पोत चढणार नाहीत." हट्टी आहे. कुणावर गेली कुणास ठाऊक. ही माझ्याकडं बघून हसली.

१७ जाने., शनि.
वारा सकाळी जोरात, नंतर पडला. पाथर्डीच्या पलीकडचं गाव. निम्मी घरं कुलपात, माणसं ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली. गावात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. ज्याचे कोयते आहेत त्या पोराचंच हे गाव.

छत लावलं. मनातून लावलं नाही, पण हाताला वाईट लावता येत नाही.

दु. दोनच्या सुमाराला म्हाताऱ्यांचा एक घोळका आला. पुढं सोजराबाई, त्या पोराची आजी. बघता बघता दमली. खुर्ची मागितली तर खुर्च्या आणलेल्याच नव्हत्या. "आसू दे," म्हणाली. सतरंजीवर बसली आणि सरळ आडवी झाली, लग्नात पंगत उठल्यावर बायका मांडवात पडतात तशी. तोंडावर पदर घेतला. मी मनात म्हटलं, घ्या, आता छताखाली झोपा काढतील.

थोड्या वेळानं पदर बाजूला झाला. डोळे उघडे. हालेना, बोलेना. मला भीती वाटली, म्हातारीला काही झालं का. जवळ गेलो.
"आजी?"
"आरं गप. बघू दी."
मग हाक मारली, "ये चंपे, हिकडं ये. नीज हितं."
"मला काय झालंय निजायला?"
"नीज म्हन्ते ना."
चंपाबाई आडवी झाली. मग तिसरी. मग सगळ्याच. वर बोटं करून बोलायला लागल्या. ते लाल पहिल्या लेकीच्या लग्नात होतं तसं. ते हिरवं माझ्या लुगड्यावानी. तो पिवळा हळदीचाच. सोजराबाई मला म्हणाली, "पडल्याबिगर दिसत न्हाई व्हय रं हे?"

मी पाईप धरून उभा राहिलो. पाईपला धरायची काही गरज नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते बबननं बघितलं आणि कोयत्यांकडं तोंड फिरवलं. मग शाळेची लेकरं आली, तीपण आडवी. त्यांचे मास्तर आले, तेपण. पँट मळेल म्हणून आधी रुमाल अंथरला.

उठताना सोजराबाई म्हणाली, "आमच्या नातीच्या लग्नाला हेच लाव. पोरं कारखान्यावरनं आली की वैशाखात लगीन. तारीख धर."
म्हटलं, "आजी, हे भाड्याचं न्हाई."
"मग कशाचं हाय?"
काय सांगणार? प्रदर्शनाचं म्हटलं असतं तर म्हातारी हसली असती. मी गप्प बसलो आणि तिनं ते 'हो' समजून घेतलं.

१८ जाने., रवि.
वारा नाही. आज मला लई अभिमान वाटतोय. माझा, रूथीचा, बबनचा, हिच्या मशीनचा. उपासनेनंतर पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. दारात भेटले तेव्हा परत सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या नाताळला बाकांवर झोपायचं का काय आम्ही? म्हटलं, बाकं काढू. ते विचार करतो म्हणाले.

२२ जाने., गुरु.
पुण्याच्या एका कलादालनातून रूथीला फोन. तिनं पाथर्डीचे फोटो इंटरनेटवर टाकले होते, ते बघून. मे महिन्यात मोठं प्रदर्शन आहे, त्यात छत पाहिजे. माझ्या नावानं. प्रभाकर मांडववाले, असंच छापणार. रूथी नाचलीच. मी शांत राहिलो. बाहेर जाऊन बबनला सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, पाव विकणाऱ्यालाही थांबवून सांगितलं.

मग रूथीनं पुढचं सांगितलं. तिथली जागा उंच आहे, छत वर नीट दिसणार नाही. म्हणून भिंतीवर लावणार. ताणून, सपाट.
भिंतीवर! छत!
"पप्पा, तिथं सगळे बघतील. कुणाला पडायला नको, मान वर करायला नको."
इतकी वर्षं मला हेच तर पाहिजे होतं. मग राग का येतोय?

२५ जाने., रवि.
सोजराबाईचा व्हिडिओ कॉल, नातीच्या मोबाईलवरून. तोंड दिसलं नाही, नुसता कान दिसत होता. "तारीख धरली का? मे मधीच हाय बघ." आणि पुढं म्हणाली, "नवरीला बी सांगून ठिवलंय, आक्षता पडल्या की येकदा वर बघ म्हनून."

रूथीशी वाजलं. ती म्हणाली, लग्नाला एकदा लावलं की संपलं, हळद, धूर, पंगत, पोरं फुगे फोडतील. तसलं परत प्रदर्शनात लावता येणार नाही. मी म्हटलं, मांडवाचंच कापड आहे ते, हळद बघूनच मोठं झालंय. ती म्हणाली, "तुमचं नाव होईल तिथं, पप्पा. मला तुमचं नाव व्हायला पाहिजे." मग मला पुढं भांडता येईना. ती काही वाईट मागत नव्हती.
दुसरं छत करू म्हटलं, तर पेटी रिकामी आहे.
"तुम्हीच ठरवा," म्हणाली. "काम तुमचं आहे."

१ फेब्रु., रवि.
वारा अजिबात नाही. उपासनेहून आल्यावर घरामागच्या अंगणात चार पाईप उभे केले आणि छत ताणलं. कुठं उसवलंय का बघायचं म्हणून. तसं काही उसवलेलं नव्हतं.

ही भाकरी टाकून बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, "तुम्ही कधी पडून बघितलं का हे?"
कधी बघणार? मी शिडीवर असतो. लावताना शिडीवर, काढताना शिडीवर.
सतरंजी टाकली. आडवा झालो. ही पण आली, गुडघे धरत धरत.

मी केलं ते हे नव्हे. म्हणजे मीच केलंय, पण इथून बघितलं नव्हतं. ऊन वरून गाळून येत होतं आणि एकेक तुकडा आतून पेटल्यासारखा दिसत होता. विटकरी झालेलं ते सॅटिन परत लालभडक झालं होतं.
मग ही म्हणाली, "मधला तो पांढरा... रूथीच्या बाप्तिस्म्याचा ना?"
"हो."
"आणि मी भंगार म्हणत होते."

तेवढ्यात रूथी फोन घेऊन आली. पुण्याच्या कलादालनातल्या बाई लाईनवर, आज पक्कं सांगा म्हणत होत्या. आम्हा दोघांना जमिनीवर बघून थबकली.
"पप्पा, त्यांना काय सांगू?"
म्हटलं, "आधी पड इथं."
ती आमच्या मध्ये आडवी झाली, लहानपणी व्हायची तशी. फोन छातीवर धरलेला. बराच वेळ वर बघत राहिली. मग बोट केलं. "हा मधला पांढरा कशाचा?"
तिच्या आईनं सांगितलं.
रूथीनं फोन छातीवरून काढून सतरंजीवर पालथा ठेवला. फोनमधून बाई हॅलो, हॅलो म्हणत होत्या. आम्ही तिघंही वर बघत होतो.