पहिली तार

आप्पा, तुमच्या गिटारची पहिली तार काल पुन्हा तुटली. मी स्वयंपाकघरात होते. आतून टण्ण आवाज आला आणि पोळी तव्यावर तशीच टाकून मी धावले. लेक पलंगावर गाल चोळत बसली होती. गालावर बारीक लाल रेघ उठली होती, डोळ्याच्या बोटभर खाली. "आई, काही झालं नाही गं," म्हणाली आणि वर हसली. शुक्रवारी तिच्या शाळेचं गॅदरिंग आहे, तिला एकटीला वाजवायचंय. नवी तार चढवायचं काम माझ्याकडे आलंय, कारण खुंट्यांना मी तिला हात लावू देत नाही.

तिला कारण ठाऊक नाही. तिच्या लेखी तुम्ही म्हणजे भिंतीवरचे काळ्या चष्म्यातले आजोबा. ऑर्केस्ट्रात वाजवायचे, म्हणजे चष्मा स्टाइलचाच असणार. मी तो समज मोडलेला नाही. पण काल तो आवाज आला आणि मी थेट लहानपणीच्या, केडगावच्या खोलीत जाऊन पडले. तुम्ही नागापूरच्या कंपनीतून पाळी संपवून आलाय, मी तुमच्या शेजारी बसलेय. आई भाकरी थापतेय, स्टोव्ह फरफरतोय, म्हणून सूर ऐकायला तुम्ही मान अगदी तारांवर झुकवलीय. आई म्हणते, "आवो, लई तानू नका." तुम्ही म्हणता, "जरासाच कमी हाय सूर," आणि खुंटी पिळता. टण्ण. तुम्ही ओरडला नाहीत. डोळ्यावर तळवा दाबून आईला एवढंच म्हणालात, "पोरीला बघ आधी."

त्या डोळ्याने तुम्हाला पुन्हा दिसलं नाही. कंपनीने लेथवरून काढून गेटवर बसवलं. तरी जखम भरताच तुम्ही गिटार घेऊन बसलात, आणि तार चढवताना मला मुद्दाम जवळ बसवायचात. मी मागे सरकले की चिडायचात. "भिऊन कसं चालंल? तोंड बाजूला ठिव, बास." मला कंपनीतला प्लास्टिकचा गॉगलही आणून दिलात. तो घालून मी शिकायचे आणि गल्लीतली पोरं खिडकीतून हसायची. आतून मात्र माझी पाचावर धारण बसलेली असायची, हे तुम्हाला कधी कळलं का?

आज बँकेतून सुटल्यावर दुकानात गेले. दुकानदाराने दोन पाकिटं पुढे ठेवली. एक साधं, तुम्ही आणायचात तसलं, घामाने गंजणारं, बोटं काळी करणारं. दुसरं परदेशी कंपनीचं, तारांवर लेप दिलेला, म्हणे लवकर गंजत नाही. त्यात पुन्हा बारीक हवी की जाड, हा वेगळा घोळ. बारीक लवकर तुटणार. जाड जास्त ताण घेणार, म्हणजे तुटली तर जोरात लागणार. माझं डोकं हेच दळण दळत होतं. शेवटी मी नायलॉनची मागितली.

"मॅडम, ती या गिटारला चालत न्हाई."

"मग यातली न तुटणारी कुठली?"

"न तुटनारी कुनीच बनवत न्हाई. एकाच जागी तुटत आसंल तर तिथं गिटारला धार आली आसंल. घासून घ्या, मंग चढवा."

तुम्ही नुसतं बोट फिरवून ती जागा सांगितली असतीत. मी दोन्ही पाकिटं घेतली.

घरी येऊन धार घासली, महागाची तार ओवली, खुंटी पिळू लागले. तार सरळ झाली तसं मी तोंड बाजूला वळवलं. तेवढ्यात लेक जवळ आली. "अजून ढिली आहे," म्हणाली आणि सूर ऐकायला तिने मान खाली घातली. अगदी तुमच्यासारखी. मी तिला इतक्या जोरात ढकललं की ती घाबरून बघतच राहिली. मग मी तार उतरवली. दुकानदाराने चुकीची दिली, उद्या बदलून आणते, असं सांगितलं.

आत्ता ती आत पाचच तारांवर वाजवतेय. पहिल्या तारेचा सूर आला की तो तोंडाने गुणगुणते. हा कागद तिच्या हाती लागण्याआधी मला फाडायचाय.

तार बरोबर होती, आप्पा.