पहिल्या खुणेपर्यंत पाणी

१२ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, तुला ते नको असले तरी.

पत्र पोचलं. मजकुराचं नंतर पाहू, आधी तक्रार अक्षराची. औषधाच्या दुकानातल्या कागदाच्या चिटोऱ्यावर, फिक्या शाईत, मुंगीलाही चष्मा लागावा अशा अक्षरांत थोरल्या भावाला पत्र लिहावं, ही आज्ञा कोणत्या शास्त्रात आहे? शेवटी आईने ते वाचून दाखवलं. मधेमधे अडखळून ती काही शब्द गाळत होती. त्यावरून माझं वर्णन तू किती सविस्तर केलं असशील ते कळलं.

आई दवाखान्यातून आल्याला पाच दिवस झाले. जेवते आणि भांडते, म्हणजे बरी आहे. तू व्हरांड्यात डॉक्टरांसमोर मला शिकलेला अडाणी म्हणालीस, ते मी गिळलं. पण दोष एकट्या माझा कसा? बाबा कंपाउंडर, त्यांची ती कागदी पट्टी चिकटवून खुणा केलेली बाटली तू जाणतेस. दोन वर्षांपूर्वी आईला जुलाब झाले तेव्हा तूच त्या बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी बांधलीस : पहिल्या खुणेपर्यंत पाणी, एक पुडी. यंदा पुन्हा जुलाब झाले. क्षार-साखरेच्या पुड्या तूच पाठवल्यास, पाणी मी पहिल्या खुणेपर्यंतच घेतलं. पुड्या बदलल्या हे मला कोणी कळवायचं? दुकानात तू बसतेस की मी?

लोभ शिल्लक असल्यास राहू द्यावा.
दादा

१६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दुकानाबाहेरच्या पाटीवर लिहायच्या जाड पेनाने लिहिते आहे. पानावर आठच ओळी मावतात, पण पंडितांची गैरसोय नको.

जुनी पुडी एका पेल्याची होती, ही लिटरभर पाण्याची. पाठीवर छापलं आहे : अख्खी पुडी, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, कमी नाही की जास्त नाही, चोवीस तासांनी उरेल ते ओतून द्या. तू ती पहिल्या खुणेपर्यंतच्या, म्हणजे पेलाभर पाण्यात कालवलीस. पाचपट मीठ! ‘अति सर्वत्र वर्जयेत्’ लहानपणी माझ्याकडून तूच घोकून घेतलंस ना? आई खारट लागतं म्हणाली, तेव्हा म्हणे तू तिला सांगितलंस, चवीसाठी घ्यायचं ते सरबत. तिची तहान वाढत गेली, तर दुसरी पुडी. आणखी वाढली, तर तिसरी. मग तिला गुंगी आली, हातांना झटके आले. एवढं मीठ अंगातलं पाणी ओढून घेतं, दादा, मेंदूतलंसुद्धा. रक्तातलं ते मीठ हळूहळू खाली आणायला डॉक्टरांना चार दिवस लागले.

चिठ्ठी माझी होती. नवी पुडी पाठवताना ती बदलायला हवी होती. कबूल, आणि हे पुन्हा म्हणायला लावू नकोस. पण तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या, परक्याच्या अनुस्वारावरून घर डोक्यावर घेणाऱ्या माणसाला पुडी उलटी करून चार ओळी वाचवल्या नाहीत?

महिनाअखेरीच्या रविवारी येऊन आईला घेऊन जाते. ती नको म्हणेल. तिची री ओढू नकोस.

तूर्त लोभ नको, तिला नीट पाणी दे.
चिमणी

१९ एप्रिल

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

तुझ्या पाटीच्या अक्षरांतलं पत्र मी स्वतः वाचलं. एवढ्या स्पष्ट शिव्या बऱ्याच दिवसांत वाचायला मिळाल्या नव्हत्या.

एक दुरुस्ती. मी पुडी उलटी केली होती. खिडकीपाशी नेली, दिव्याखाली धरली, चष्मा पुसला. अक्षरांच्या जागी राखाडी रेघ दिसत होती. आई कण्हत होती, तिला वाचायला कसं सांगू? शेजारी विचारायला जायचं, तर मुद्रितशोधकाला पुडी वाचता येत नाही हे सांगावं लागलं असतं. चिठ्ठी पाठ होती. तिच्यावर भागवलं.

छापखान्यातून रजा घेतली आहे, असं तुला कळवलं होतं. रजा नाही. फेब्रुवारीत एका पुस्तकाची अख्खी सोळा पानं चुकांसकट माझ्या हाताखालून गेली, तेव्हा मालकांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. डॉक्टरांकडे गेलो नाही. ते काय म्हणतील हे ऐकायचं नव्हतं.

तुझ्यावर चिठ्ठीचा दोष टाकला. तो आहेच, पण चिठ्ठी बदलली असतीस, तर ती तू मुंगीच्याच अक्षरांत लिहिली असतीस.

आईच्या रोजच्या गोळ्या मी रंगावरून देतो. सकाळी गुलाबी, रात्री पांढरी. आज सकाळी डबीत दोन्ही सारख्याच दिसल्या. आईला विचारलं असतं तर तिला कळलं असतं, म्हणून विचारलं नाही. एक उचलली आणि दिली. कोणती होती, मला माहीत नाही. दिवसभर तिच्या हातांकडे बघत बसलो आहे.

मला भीती वाटते. रविवारची वाट पाहू नकोस.

दादा