टाचण्या लावलेला फ्रॉक

पिट्सबर्ग, बुधवार

प्रिय डॅडी,

मी बरी आहे. लोर्ना आत्या पोटभर जेवू घालते. तुझा खोकला थांबला का?

आमच्या केंद्रात लोकांनी नको म्हणून दिलेलं सामान येतं आणि आम्ही मुलं उन्हाळाभर त्यातून कलाकृती करतो. सोमवारी एका वारलेल्या बाईंचं शिवणाचं सामान आलं. त्यात लहान मुलीचा अर्धवट शिवलेला फ्रॉक होता, टाचण्या तशाच लावलेल्या.

आमच्या शिक्षिका मिस डार्लीन म्हणाल्या, "काप बिनधास्त. इथे आलं की ते नुसतं कापड."

माझी कात्री चालेना. शेजारच्या जोनाहने फ्रॉक ओढून घेतला. "तुझी कोण लागते ती?" म्हणाला आणि टराटरा पट्ट्या फाडल्या. त्यांचे त्याने केलेले पंख सगळ्यांना आवडले. मलाही आवडले, डॅडी. तेव्हापासून माझ्या हातून काहीच होत नाही.

मम्मीची शिवणाची खोली आवरून सगळं इकडे देतो, असं तू फोनवर म्हणालास, तेव्हा मी "बरं" म्हणाले. देऊ नकोस. ती परत येणार नाही, हे मला कळतं. तरी देऊ नकोस.

शनिवारच्या प्रदर्शनात माझं काहीच नसेल. तरी तू ये. रिकाम्या हातांनी ये.

तुझीच,
रेनी