मोठं पातेलं

टोकावडे,
कोजागरीचा दुसरा दिवस

जगदीशदादा,

आईने घर माझ्या नावावर केलं तेव्हा तू म्हणालास, "या पावसाळ्यात गळलं तर विकून टाकायचं." मी हो म्हटलं. वैशाखात कौलं परतायला माणूस मिळेना, म्हणून मीच शिडी लावली.

खालून शेजारची सावळीकाकी ओरडली, "उतर गो गिरजे! बाईमाणूस घरावर चढतं का?"

"तुमी बाप्या धाडा, मी उतरते."

कोणी आलं नाही. मी दोन कुजके वासे बदलले आणि आढ्यापासून खाली कौलं लावत निघाले. काकी पुन्हा ओरडली, "वळचणीपासून लाव गो! वरचं कौल खालच्यावर बसाय नको?" सगळं काढून पुन्हा लावलं. संध्याकाळी तीच शिडीवर उभी राहून मला एकेक कौल देत होती.

चार महिने पाऊस कोसळला. आत एक थेंब पडला नाही.

हे पत्र पाठवणार नाही. दिवाळीला येशील तेव्हा स्वतःच वर बघ. आईच्या खाटेशेजारी अकरा वर्षं गळतीखाली ठेवलेलं मोठं पातेलं आठवतं? त्यात तुझ्यासाठी कोंबडी शिजवीन.

घरातूनच,
गिरजा