कोंबडीची कोरी पानं

औसा,
१४ जानेवारी १९९६

चि. अमरेश यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वीरण्णाची लातूरची नोकरी पक्की झाली. क्लासवाल्यांच्या मुलांच्या वसतिगृहावर दिवसपाळीचा रखवालदार. त्याचा मेहुणा गुंडप्पा तिथेच मेसमध्ये स्वयंपाक करतो. तो काल भोगीला आला होता, त्यानेच सांगितलं, म्हणजे बातमी खरी. जूनमध्ये रुजू व्हायचं आहे.

वीरण्णा तुला आठवत असेल. भूकंपात त्याची बायको गेली, आणि दोन वर्षांची पोर राहिली. ती पोर, दानू, आता माझ्या बालवाडीत येते. वसतिगृहात दिवसा लहान मूल ठेवायला परवानगी नाही. शेजारीच एक बालकमंदिर आहे, तिथे तिचं नाव लागलं तर ती बापाजवळ राहील. नाही लागलं तर अहमदपूरला आत्याकडे, उमाबाईकडे जाईल. उमाबाई प्रेमळ आहे, पण तिची स्वतःची चार आहेत, आणि बाप महिन्यातून एकदा भेटणार.

अडचण अशी की लातुरात आता चार वर्षांच्या मुलांचीसुद्धा मुलाखत घेतात. चित्रं दाखवतात आणि हे काय, ते काय, असं विचारतात. दानूजवळ मात्र दोनच शब्द आहेत, ‘हे’ आणि ‘ते’. ती मुकी नाही. कान तपासले, डॉक्टर म्हणाले छान आहेत. माझ्याकडे अननसाचा आणि विमानाचा तक्ता आहे. त्यावरचे शब्द ती माझ्यामागून म्हणते, आणि घरी जाईपर्यंत विसरते. वीरण्णा रोज दाराशी उभा राहून आज काय बोलली विचारतो. मला खोटं सांगता येत नाही.

परवा मी मुद्दाम दिवसभर त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले. मला एक गंमत दिसली. तिथे एका जागी बसलं की सगळं दिसतं. माठ, चूल, पाटी, अंथरूण, काहीही बोट दाखवलं की मिळतं. मग नाव कशाला लागेल? मला वाटायला लागलं आहे की जे डोळ्यांसमोर नाही त्यासाठीच माणूस शब्द शोधत असावा. खरं आहे का ते तूच सांग. तू शिकलेला आहेस, निदान छापखान्यात तरी.

म्हणून एक काम सांगते. दानूसाठी गोष्टीचं चित्रांचं पुस्तक काढ. तक्ता नको, गोष्ट हवी. दिवसभर क्लासच्या नोट्ससाठी बेडकाची पचनसंस्था काढतोस, एकदा कोंबडी काढून बघ.

हात दुखतो म्हणून पत्र टाळू नकोस. तुझ्या अक्षराची वाट बघणारी,
शिवकन्या

नांदेड,
१८ फेब्रुवारी १९९६

ती. स्व. अक्कास,
अमरेशचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण बेडकानंतर झुरळ आलं आणि झुरळानंतर माणसाचं हृदय. परीक्षा तोंडावर आहेत. नांदेडातसुद्धा आता गल्लीगल्लीत क्लास निघाले आहेत, आणि आमच्या सलीमभाईंच्या छापखान्यात पाय ठेवायला जागा उरलेली नाही.

सलीमभाईंना मी भीतभीतच विचारलं. ते म्हणाले, नोट्सचे कागद कापून जे तुकडे उरतात ते घे, मशीन रिकामं असेल तेव्हा छाप, आणि कव्हरची लाल शाई उरलीय ती तुऱ्याला वापर. वर असंही म्हणाले की त्यांची नात सगळ्या प्राण्यांना ‘म्याऊ’ म्हणते, तेव्हा एक प्रत तिलाही हवी.

गोष्ट अशी केली आहे. एक कोंबडी अंडी घालायला जागा शोधत निघते. बैल म्हणतो गोठ्यात ये, शेळी म्हणते बाभळीखाली ये. कोंबडीला काही पटत नाही. मग ती अचानक नाहीशी होते. मधल्या दोन पानांवर ती कुठे दडली ते मोठं चित्र आहे, आणि शेवटी ती पिल्लं घेऊन बाहेर येते. दडायची जागा सांगत नाही. त्या चित्रावर मी आठवडा घालवला आहे. अव्वाआजीच्या उदगीरच्या घरातली वस्तू आहे, ओळख.

तुझ्या शेडच्या विचाराने माझी झोप उडवली. दुसऱ्या दिवशी छापखान्यात मी ठरवून काहीच बोललो नाही, फक्त बोट दाखवलं. दुपारपर्यंत चहासुद्धा मिळाला. म्हणजे तुझं खरं असावं. पण मग एक शंका येते. चित्रही डोळ्यांसमोरच असतं ना? ते बघून दानू ‘ते’ असंच म्हणाली तर?

तब्येतीला जप. एसटीत खिडकीशी बसत जा, नाही तर वाटेत मळमळतं.
तुझ्या रागालाही सरावलेला,
अमरेश

औसा,
२१ एप्रिल १९९६

चि. अमरेश,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुस्तकं पोचली. तुझी कोंबडी छान आहे, फक्त पाय पसरून झोपली की चिरलेल्या बेडकासारखी दिसते. मुलांना चालतं. बैल तर इतका आवडला की त्या पानाला आताच तेलाचे डाग पडले आहेत.

तुझी शंका मात्र बरोबर निघाली. दानूने पहिल्या दिवशी प्रत्येक चित्रावर बोट ठेवलं आणि ‘ते’ म्हणाली. मी रात्री तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. एक पान दाखवायचं, मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचं आणि विचारायचं की आत कोण होतं, ते काय करत होतं. मुलांना हा खेळच झाला. मिटलं की ओरडायची, बैल होता, खात होता, शेपटी हालवत होता. दानू आधी पुस्तकाकडे बोट दाखवायची, पण मिटलेल्या पुस्तकाकडे बोट दाखवून काय मिळणार? चौथ्या का पाचव्या दिवशी हळूच म्हणाली, ‘शेळी’. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. कौतुक केलं की ती गप्प होते.

आता मुख्य गोष्ट. अरे, तू ज्या चित्रावर आठवडा घालवलास ती मधली दोन पानं कोरी आहेत. सगळ्या प्रतींत. मी आधी घाबरले, मग मुलांसमोर तेच पान उघडलं आणि विचारलं की कोंबडी कुठे दडली. एकाने सांगितलं पाण्याच्या टाकीमागे, दुसऱ्याने सांगितलं एसटीच्या टपावर. ज्याने त्याने आपापल्या ओळखीची जागा सांगितली. दानू कोऱ्या पानावर हात फिरवत राहिली. तिथे बोट दाखवायला काहीच नव्हतं. मग म्हणाली,

“पेटीत. अप्पाच्या नव्या पेटीत बसली कोंबडी. आता अप्पा कसा जाईल?”

वर्गात नेहमीसारखा गोंगाट होता, कोणाच्या लक्षातही आलं नाही. तुला कळावं म्हणून सांगते. वीरण्णाने लातूरला जायला पत्र्याची पेटी घेतली आहे. पोरीला दिसू नये म्हणून ती शेजारच्या शेडमध्ये पोत्याखाली ठेवली होती. तिच्यासमोर जाण्याचा विषय कोणी काढत नाही. तिने पेटी कधी पाहिली, कधी ऐकलं, देव जाणे. मी संध्याकाळी वीरण्णाला तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो आधी हसला, पोर बोलली म्हणून. मग खाली बसला. म्हणाला की अक्का, ती गप्प हाय म्हणून तिला काही कळत न्हाई, असंच मी धरून चाललो होतो.

मुलाखत वीस मे रोजी आहे. कोऱ्या पानांचं काय झालं ते कळव. रागावले नाही.
तुझी चौकस बहीण,
शिवकन्या

नांदेड,
२ मे १९९६

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र सलीमभाईंना वाचून दाखवलं. त्यांनी डोक्याला हात लावला. झालं असं की मधल्या तावाची बाहेरची बाजू छापून झाली, शाई वाळायला ताव पसरले, आणि तेवढ्यात एका क्लासच्या सराव परीक्षेचे पेपर आले. उद्या सकाळी हवेत म्हणाले. मशीनवरून कोंबडी उतरली आणि पेपर चढले. बाइंडिंगवाल्याला वाटलं ताव तयार आहेत. त्याने दुमडले, टाचले आणि पाठवून दिले. मी त्या दिवशी हृदय काढत बसलो होतो.

आता ऐक, मी काय काढलं होतं. कणगी. अव्वाच्या स्वयंपाकघरातली, धान्य साठवायची, शेणाने सारवलेली, झाकणावर बोटांचे ठसे असलेली. तिच्यामागे कोंबडी. वाटलं होतं, या निमित्ताने पोरांना कणगी हा शब्द मिळेल. मिळालाही असता. पण मग पेटी आपल्याला कधी ऐकू आली असती का? मी आठ दिवस हाच विचार करतो आहे. चित्र चांगलं होतं गं, त्याचं वाईटही वाटतं.

सलीमभाई म्हणतात कणगीची पानं छापून पाठवतो, चिकटवून घ्या. मी त्यांना थांबवलं आहे. तू सांगशील तसं. त्यांच्या घरी मात्र त्यांनी कोरीच प्रत नेली. नात म्हणते की कोंबडी दादाच्या, म्हणजे सलीमभाईंच्याच, टोपीखाली बसली आहे. रोज सकाळी टोपी उचलून बघते. अजून बैलालाही ‘म्याऊ’च म्हणते, ते वेगळं.

मुलाखतीचं लगेच कळव. माझा ओढा आता तिकडेच आहे.
तुझा,
अमरेश

औसा,
२३ मे १९९६

चि. अमरेश,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुलाखत झाली. निकाल शनिवारी बालकमंदिराच्या फळ्यावर लागणार, असं गुंडप्पा स्वतः विचारून आला. तोपर्यंत कोणाचंच काही नक्की नाही. पण जे झालं ते वीरण्णाने मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा सारखंच सांगितलं.

तिथल्या बाई मवाळ होत्या. बापाला बाहेर बसवलं, पण दार उघडं होतं. त्यांनी एकेक चित्र समोर धरलं, घड्याळ, छत्री, अननस. दानू गप्प. बाईंनी थोडं थांबून चित्रं गोळा केली आणि उलटी करून टेबलावर ठेवली. तिथून दानू सुरू झाली. तिला वाटलं, आता पुस्तक मिटलं, आता सांगायचं. छत्री वाळत घातलीय, घड्याळाला पाणी लागलं, ते काटेवालं वांगं खाली दडलंय आणि कोंबडी त्याला शोधतेय. समोर दिसणारी गोष्ट बाईंना सांगायची कशाला, त्यांना डोळे आहेत की, असं तिच्या मनात असणार. बघ, माझ्याच खेळाने तिला गप्प बसवलं आणि माझ्याच खेळाने बोलतं केलं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

बाईंनी मग चित्रं उलटीच ठेवली आणि विचारत गेल्या. कोंबडी कुठे राहते, तिच्याबरोबर कोण असतं. दानूने पेटीपर्यंत सगळं सांगितलं, आणि अप्पा बाहेर पाटीखाली बसलाय, हेही. बाईंनी कागदावर बरंच लिहिलं. नावं ओळखण्याचे गुण देता येणार नाहीत, पण बोलण्यासाठी वेगळा रकाना आहे, असं त्या वीरण्णाला म्हणाल्या. पुस्तक बघायला मागितलं, तर दानूने दिलं नाही. म्हणून एक प्रत त्यांना पाठव. मधली पानं कोरीच असू देत. कणगीचं चित्र मला वेगळं पाठव, मी भिंतीवर लावीन. तो शब्द मलाही आवडतो, आणि अव्वाची आठवण येते.

उमाबाईला निरोप गेला आहे. नाव लागलं नाही तर ती रविवारी दानूला न्यायला येणार. वीरण्णा शनिवारी पहाटेच्या गाडीने लातूरला जाईल. आधी फळा बघणार. नाव नसेल तर तिथूनच क्लासच्या साहेबांकडे जाऊन रात्रपाळी मागणार, म्हणजे दिवसा पोरीजवळ राहता येईल. रात्री ती गुंडप्पाच्या बायकोजवळ झोपेल, ती बाई दिवसा कामावर असते. साहेब काय म्हणतील ते माहीत नाही.

मी काल त्यांच्या शेडवर गेले होते. पेटी आता लपवलेली नाही, मधोमध आहे. वीरण्णाने दोघांचे कपडे एकाच पेटीत भरले आहेत. मी विचारलं की अजून निकाल कुठे लागलाय, तर त्याने नुसती कडी घातली. दानू झाकणावर बसली आणि आत काय काय आहे ते मला सांगू लागली. अप्पाचा सदरा, तिचा लाल फ्रॉक, गोधडी, कंगवा, पुस्तक, कोंबडी. एकदाही बोट दाखवलं नाही.

शनिवारी रात्री वीरण्णा परत आला की लगेच लिहीन. तोवर तूही जीव मुठीत धरून राहा, मी एकटीने किती धरायचा?
तुझी अक्का,
शिवकन्या