खारूताईच्या सात कॅसेटी कोणाच्या हाती

लिहून ठेवणार: श्रीमती शांतव्वा बसलिंगाप्पा पट्टणशेट्टी, वय ७४, धंदा शिवणकाम, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी गेल्यावर ‘म्हातारीला भ्रम झालता’ म्हणणारे कोण, ते मला आजच माहीत आहे. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पुतण्या अमरेश याला. मला मूलबाळ नाही. घर त्याला बिनधास्त देते, कारण घरावर कुस्ती टेप करता येत नाही.

२. हे असं का म्हणते ते सांगते. माझे यजमान कै. बसलिंगाप्पा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि ‘खारूताईचं पोस्ट’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात खारीचा आवाज काढायचे. बाहुली मी शिवली. रविवारी कार्यक्रम लागला की मी तो व्हीसीआरवर भरून घ्यायची. ते हसायचे, “अगं, वाहिनीकडं हाय की सगळं जपून!” डोंबल जपून! ते वारल्यावर भाग मागायला गेले तेव्हा कळलं, टेपा महाग म्हणून सगळे भाग पुसून त्यांवर राशिभविष्य भरलं. वाहिनीचं नाव वकिलांनी घालू दिलं नाही. आता त्यांचा आवाज जगात फक्त माझ्या सात कॅसेटींत आहे. आठ होत्या. आठवी अमरेशने ‘बघून देतो काकू’ म्हणून नेली आणि तीवर कुस्तीचं मैदान भरून आणली. वर मलाच म्हणतो, “एकच कॅसेट व्हती की!”

३. हल्ली त्याच वाहिनीचा एक पावणा पेढे घेऊन येतो. जुने भाग शोधतायत म्हणे. “आजी, कॅसेटी द्या, आमच्याकडे सुरक्षित राहतील.” कुंपणानंच शेत खाल्लं, आता त्यालाच राखणीला बसवू? अमरेश त्याला फाटकापर्यंत सोडायला जातो आणि बराच वेळ बोलत उभा राहतो. काय बोलतात ते ऐकू येत नाही. ऐकू येऊ नये असंच बोलत असणार. पेढे मी खाल्ले नाहीत.

४. म्हणून सातही कॅसेटी, व्हीसीआर आणि खारीची बाहुली शेजारीण झुंबरबाई हिला. अमरेशा, खुर्चीवरून पडू नकोस. व्हय, तीच, जिच्याशी मोरीच्या पाण्यावरून माझा अबोला आहे. बाई अर्धं लिंबू उसनं देत नाही. पण तिच्या कोडोलीच्या बहिणीने तिच्याकडे एक ट्रंक ठेवली होती. बहिणीचा नवरा न्यायला आला, शिव्या दिल्या, चार माणसं आणली. ही उंबऱ्यात बसून एकच म्हणाली, “ठेवणारी येऊ दे.” पुराच्या वर्षी बोटीत बसली तेव्हाही तीच ट्रंक मांडीवर होती आणि स्वतःचं कपाट पाण्यात. मी त्याच बोटीत होते.

५. अट एकच. कॅसेट तिचा उंबरा ओलांडणार नाही. ज्याला भाग उतरवून घ्यायचेत त्याने मशीन घेऊन तिच्या घरी यावं, तिच्या डोळ्यांदेखत उतरवावेत आणि पोरांना फुकट दाखवावेत. पोरांसाठीच तर ते घसा फोडायचे.

६. झुंबरबाईला काल बोलावून विचारलं. म्हणाली, “आत काय हाय ते बघितल्याबिगर मी घेत न्हाय.” लावून दाखवली. चित्राला मुंग्या आल्या होत्या, आवाज मात्र स्वच्छ. खार बोलायला लागली तशी ती पदर तोंडाला लावून बसली. “भिंतीपलीकडनं रोज यायचा की गं ह्यो आवाज. त्यो बंद झाल्यावर मला बी घर खायला उठलं. पर तुला कुठल्या तोंडानं सांगू?” मला रडू आवरलं नाही. हे लिहायला वकिलांची हरकत नाही.

मग डोळे पुसून म्हणाली, “आजच दे की. तू मरायची वाट कशाला बघू?”

दिल्या नाहीत. माझी अजून पुरती खात्री पटलेली नाही. मी आहे तोवर दर रविवारी तिने इकडे येऊन बघाव्यात. चहा मी करीन.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १० फेब्रुवारी २०२५

सही: शांतव्वा ब. पट्टणशेट्टी

आमच्यादेखत सही केली, म्हणून साक्षीदार:
१. आकाराम दत्तू खाडे
२. दानेश्वरी शिवकुमार हिरेमठ (अमरेशच्या ओळखीची नाही, चौकशी केली आहे)