तांदळातलं नाव

अंबरनाथ पूर्व,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. पुष्कर,

आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. व्हॉट्सअ‍ॅपवर काही सांगितलं की तू नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून हा कागद.

तू शोधलेल्या लघुग्रहाला आईचं नाव दिलंस, ते कळलं. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात, आतल्या कडेला फिरणारा छोटासा धोंडा, नाव 'वृंदा'. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी राजरत्न लगेच पेढे घेऊन वर आले. "ताई, बिल्डिंगचं नाव झालं एकदम! आईंचा सत्कार तो बनता है!" शाल, नारळ, फोटो, सगळं झालं. तिकडच्या कार्यक्रमात दाखवायला तुला आईच्या आनंदाचा व्हिडिओ हवा होता ना? काढलाय. पाठवणार नाही.

राजरत्न यांनी शाल पांघरली, तर आईने ती काढून नीट घडी घातली. म्हणाली, "वृंदाबाई आल्या नाय अजून. त्यांची हाय, त्यांना द्या."

वर्ष झालं, ती या नावाला ओ देत नाही. सांगायला फोन केला की तुझी मीटिंग असते. तिचं माहेरचं नाव पुतळी. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'वृंदा' लिहिलं आणि जांभूळ गावची पुतळी संपली. आता आजाराने बाबा, तू, मी, सगळे पुसून नेले, आणि पुतळी तेवढी परत आली. तू कधी विचारलंच नाहीस, तुला कुठून ठाऊक असणार!

मला ती कामाची बाई समजते. काल तिची वेणी घालत होते, तर म्हणाली, "बाय, तुझ्या आयशीला सुख हाय गो." मोरीत जाऊन रडले. राग तुझा आला होता. अजून आहे.

तिचं जेवण सुटत चाललंय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या. येणार असलास तर आत्ता ये. दारातून 'आई' म्हणू नकोस, तसं म्हटलं की ती दुसऱ्या कुणाला तरी शोधते. 'पुतळे' म्हण. ओळखणार नाही, पण माहेरचं कुणी आलं म्हणून पाणी विचारेल.

नाहीच जमलं, तर तुझा धोंडा आहेच. त्याला भरवावं लागत नाही.

तुझी,
सुषमाताई

(सासरी मला काय नावाने हाक मारतात, तेही एकदा कुणाला तरी विचारून ठेव.)